चार हजार घरांची आई

चिआयी, ४ मार्च

प्रिय आ-चिंग,

तीन वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते उलटसुलट करून बिलांच्या गठ्ठ्यात ठेवलं असशील. हरकत नाही. संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्याला वाचकांची घाई करून चालत नाही. विद्यालयात सध्या माझ्यासमोर सात भिक्षुणी बसतात. त्यांतली एक द्विवचन सुरू झालं की डोळे मिटते, आणि ती ध्यान करते आहे की झोपली आहे हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. तेव्हा प्रेक्षक कमी असण्याच्या दुःखावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे.

तुझा संध्याकाळी सहाच्या बातम्यांचा तास वाहिनीने बंद केल्याचं आईने सांगितलं. सांगितलं म्हणजे भाताचा वाडगा माझ्यापुढे आदळून म्हणाली, "आ-चिंगची बातमी गेली," आणि वर मलाच विचारलं, "आता खूश?" हा प्रश्न तिने का विचारला ते तिला माहीत नसावं. मला लागला मात्र.

आधी जुनं देणं. बाबांच्या अंत्यविधीच्या सकाळी दहा वाजता तू मांडवाच्या कडेला जाऊन फोन पाहिलास. दहाला आदल्या दिवसाचा टीआरपीचा कागद येतो, मिनिटामिनिटाचा, आणि तो पाहिल्याशिवाय तुमच्या धंद्यातल्या माणसाचा श्वास खाली बसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी काकांच्या देखत मोठ्याने विचारलं, "काय गं, बाबांना किती मिळाले?" दोघे काका हसले. वाक्य बेतलेलं चांगलं होतं, तेच त्यातलं वाईट. तू उदबत्ती खोचलीस, आईपुढे वाकलीस आणि दुपारच्या गाडीने उत्तरेला ताइपेला गेलीस. त्यानंतर दरवर्षी छिंगमिंगला, कबरी साफ करायच्या सणाला, आम्ही बाबांच्या कबरीवर पोचतो तेव्हा गवत कुणीतरी आदल्या दिवशीच काढून गेलेलं असतं. आई म्हणते, "बकऱ्या आल्या असतील." मीही म्हणतो, "हो, ताइपेच्या."

ते वाक्य मी मागे घेतो. सुटलेला बाण भात्यात परत येत नाही, हे नीतीचं पहिलंच पान. पण तो कुणी सोडला ते तरी कबूल करता येतं.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात. संध्याकाळी सहाला ती आता रताळ्याची पानं निवडत बसते, टीव्ही लावत नाही. बिघडलाय का म्हणून विचारू नकोस, बिघडलेला नाही.

या महिन्यात तू खरेदीच्या वाहिनीचा करार करणार, तिथे पडद्यावरून तवे विकतात, असं तिच्याकडून कळलं. तवे चांगलेच असतील. तरी सही जरा थांबून कर. आणि या वर्षी बकऱ्यांसारखी आदल्या दिवशी येऊ नकोस, आमच्याबरोबर ये.

— पो-युआन


१३ मार्च

आ-चिंग,

तुझं पत्र पोचलं. सात ओळी. तीन वर्षांच्या मौनावर भाष्य म्हणून हे सूत्रवाङ्मयाच्या तोडीचं आहे, आणि सूत्रांप्रमाणेच मी ते पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

तू लिहितेस: "गाड्यांच्या धडका, रस्त्यावरच्या मारामाऱ्या, नूडल्सच्या दुकानापुढच्या रांगा हे सगळं काढून टाकलं. एका विषयाला पंधरा मिनिटं दिली. सव्वादोन वर्षं आकडा चढत गेला. दक्षिणेकडचे पासष्टीपुढचे पुरुष यायला लागले. मला वाटलं, लोक ऐकतायत. मग नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात ते सगळे उठून गेले. लोकांना नकोच होतं ते, दादा. मीच उगाच शहाणपणा केला."

'दादा' हा शब्द सवयीने पडला असेल तर खोडू नकोस.

दक्षिणेकडचे पासष्टीपुढचे पुरुष. हे वाचून मी चहाचा पेला खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता मी तुला काय सांगावं? शितावरून भाताची परीक्षा हे आपल्याकडे स्वयंपाकघरातही मान्य आहे आणि शास्त्रातही. नैयायिकांनी त्याला स्थालीपुलाक असं जडशीळ नाव दिलं आहे इतकंच. तुमच्या मोजणीवाल्यांनी देशभरातल्या दोन हजार घरांत यंत्रं बसवली आणि त्या दोन हजार शितांवरून सगळं पातेलं जोखलं. तुझा तास त्यांतल्या पाच-सहा घरांत लागत होता, असं तूच एकदा बाबांना समजावून सांगत होतीस. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो. पाच-सहा शितं, आ-चिंग. एखादं शीत बोटाला चिकटून पातेल्याबाहेर गेलं, म्हणून बाकीचा भात कच्चा ठरत नाही. इतकंच म्हणतो.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. पण टपालाची वेळ होत आली आहे, आणि उद्या भिक्षुणींची परीक्षा आहे. सही पंचवीसला आहे म्हणतेस, म्हणजे अजून अवकाश आहे.

आई विचारते, तू रात्री जेवतेस की नुसती बिस्किटं खातेस?

— पो-युआन


२२ मार्च

आ-चिंग,

परीक्षा झाली, सातही पास झाल्या, आता निमित्त उरलं नाही.

पासष्टीपुढचे जे दक्षिणेतले पुरुष तुझी बातमी पाहायला यायचे, ते आपले बाबा होते.

वेड लागलेलं नाही मला, नीट सांगतो. पावणेतीन वर्षांपूर्वी, बाबांना जाऊन चारच महिने झाले असताना, मोजणीच्या कंपनीचा एक माणूस आपल्या दारात उभा राहिला. श्यू नाव त्याचं, गळ्यात ओळखपत्र, हातात पेरूची पिशवी. आपलं घर चिठ्ठीत निघालं होतं. टीव्हीखाली एक खोकं बसणार, एक वेगळा रिमोट मिळणार. बघायला बसलं की ज्याने त्याने आपापलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. कुणालाही सांगायचं नाही, पोटच्या मुलांनाही नाही. मला हे सगळं आईनेच सांगितलं, मी गेल्या ऑगस्टमध्ये इथे राहायला आलो तेव्हा, कारण घरात राहून खोकं न दिसणं शक्य नव्हतं.

श्यूने विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"दोन," आई म्हणाली.

"टीव्हीत, वर्तमानपत्रात कुणी आहे का जवळचं? असेल तर खोकं बसवता येत नाही."

"मुलगा भिक्षुणींना शिकवतो. मुलगी ताइपेला चहाच्या दुकानात असते."

पहिलं खोटं तिच्या तोंडून आपसूक गेलं. 'एक' असं म्हणायला जीभच वळली नाही, असं ती म्हणते. पण आई कच्च्या गुरूची चेली नव्हे. तो माणूस गेल्यावर तिने बाबांच्या तसबिरीपुढे कौल लावला. लाकडी कोयऱ्या टाकून विचारलं, "तुम्ही घरात आहात म्हणून सांगितलंय, चालेल ना?" एक उताणी पडली, एक पालथी. म्हणजे चालेल. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हो. त्यानंतर तिच्या दृष्टीने ते खोटं राहिलं नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाची संमती मिळाली होती.

तिथून पुढे रोज संध्याकाळी सहाला ती एक नंबरचं बटण दाबायची बाबांसाठी आणि दोन नंबरचं स्वतःसाठी. श्यूने तिला सांगितलं होतं की तिचं एक घर म्हणजे चार हजार घरं. ते तिने मनावर घेतलं. सहाच्या आधी केस विंचरायची, सणाचा निळा सदरा घालायची. "अगं आई, ते खोकं तुला बघत नाही," मी म्हटलं. "चार हजार घरांच्या वतीने बसायचं म्हणजे काय मळक्या कपड्यांत बसू?" आपल्या नगरसेवकाला निवडून यायलाही एवढी मतं लागत नाहीत. आणि तो बसतोही मळक्याच कपड्यांत.

नोव्हेंबरमध्ये कंपनीची माणसं आली आणि खोकं काढून घेऊन गेली. बाबा नाहीत हे त्यांना समजलं होतं, आणि तू कोण आहेस तेही. कसं समजलं कोण जाणे. अशा गोष्टी समजतात. नियमाप्रमाणे त्यांनी कुठे वाच्यता केली नाही, म्हणून तुलाही कुणी सांगितलं नाही. पाच-सहा घरांतलं एक घर गेलं, आणि वयस्क पुरुषांच्या रकान्यात तर बहुधा एकच पुरुष होता.

हे मागच्या पत्रात का लिहिलं नाही, त्याचं कारण मला तेव्हाच माहीत होतं. तुझं अपयश खोटं होतं हे सांगायला गेलं, तर तुझं यशही खोटं होतं हे त्याच वाक्यात सांगावं लागतं. मला पहिलं अर्धं वाक्य लिहायचं होतं, दुसरं नव्हतं. इतकी वर्षं समास सोडवतो आहे, पण हा सोडवता आला नाही.

तरी लोकांनी तुला नाकारलं नाही, एवढं यावरून सिद्ध होतं. बाकीची चार-पाच घरं जिथे होती तिथेच होती. पंचवीसला सही करण्यापूर्वी हे तुझ्या हातात असावं, म्हणून जलद टपालाने पाठवतो आहे.

— पो-युआन


२७ मार्च

आ-चिंग,

परवा रात्रीच्या जेवणाआधी तुझा फोन आला. आई फोन हातात न धरता टेबलावर ठेवून बोलते हे तुला माहीत नसेल. मी समोर बसून पेरू खात होतो. सगळं ऐकलं.

पहिलं हे ऐकलं की तू वीस तारखेलाच सही केलीस. त्यांना घाई होती, आणि तुला थांबण्यासारखं काही दिसत नव्हतं. म्हणजे तेरा तारखेला मी टपालाची वेळ आणि भिक्षुणींची परीक्षा पुढे करून जे पत्र बंद केलं, ती शेवटची संधी होती. मला वाटलं, बारा दिवस हातात आहेत. आणि टपालच कशाला? आईच्या फोनवरून मी तुला त्याच दिवशी गाठू शकलो असतो. पण फोनवर माणसाला स्वतःला नीटनेटकं मांडता येत नाही.

दुसरं, तू आईला विचारलंस, "पण त्यांना कळलं कसं, आई?" आणि ती रडायला लागली. "माझंच पाप गं. मी खोटं बोलले. बाबांना घरात ठेवलं म्हणून देवाने तुझी बातमी काढून घेतली."

तू म्हणालीस, "नाही गं, असं नसतं."

ती म्हणाली, "असंच असतं. विचार तुझ्या दादाला, शिकलेला आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडात पेरू होता. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला काय, मलाही सांगता येणार नाही.

आता मान न हलवता लिहितो. कंपनीला मी कळवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दोन पानी पत्र लिहून. कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या पानावर बाबांच्या मृत्यूची तारीख, दुसऱ्यावर तुझं नाव, हुद्दा आणि वाहिनी. खाली टीपाही होत्या. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली होती.

सत्यासाठी लिहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ज्या मोजणीवर सगळ्या देशाच्या बातम्या ठरतात तिच्यात एक मृत मनुष्य बसवणं अयोग्य, वगैरे. ते खरंही आहे. पण माणूस खऱ्या गोष्टीसुद्धा कधी, कुणाला आणि कशासाठी सांगतो यावर त्याचं पुण्य ठरतं, हे मी दरवर्षी नव्या तुकडीला शिकवतो.

खरं कारण क्षुल्लक आहे. ऑगस्टमध्ये घटस्फोटाचे कागद आणि पुस्तकांची अठरा खोकी घेऊन मी या घरात आलो. पहिल्या संध्याकाळी आईशेजारी बसलो आणि विचारलं, "माझं बटण कुठलं?" तिने रिमोटवरचं शेवटचं बटण दाखवलं, त्यावर 'पाहुणा' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "आई, मी इथे राहतो आता." ती म्हणाली, "तुझं नाव घालायचं तर तो श्यू येणार, घरात फिरणार, म्हणणार आजोबा कुठे आहेत? तू आपला पाहुणाच हो." वर समजूत घातली, "पाहुण्यालाही मोजतात."

अगदी रास्त बोलणं होतं. पण रोज तिच्यासाठी बाजार करायचो मी, तिचे गुडघे चोळायचो मी, आणि संध्याकाळी सहाला त्या खोलीत घरची माणसं तीन असायची: आई, बाबा, आणि पडद्यामागे असणारी तू. चौथा पाहुणा. चौपन्न वर्षांच्या माणसाने याचं वाईट वाटून घ्यावं हे हास्यास्पद आहे, हे मला कळत होतं. जवळजवळ तीन महिने कळत राहिलं. मग मी ते पत्र लिहिलं.

तुझा तास बंद पडेल असं मला वाटलं नव्हतं. खोकं जाईल आणि आई संध्याकाळी माझ्याशी बोलेल, एवढाच हिशेब होता. ती बोलत नाही. ती पानं निवडते.

आज सकाळी हेच मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग सुपाने मला दंडावर मारलं. पंचेचाळीस वर्षांनी. "पाच महिने मी देवापुढे नाक घासतेय आणि तू पेरू खातोस?" तिच्यावरचा आळ उतरला, एवढं तरी झालं. आता तो जिथे असायला हवा तिथे, माझ्यावर आहे.

छिंगमिंगला आदल्या दिवशी यायचं असेल तर ये. मी बकऱ्यांबद्दल काही बोलणार नाही.

— पो-युआन


६ एप्रिल

आ-चिंग,

तू गेल्यावर आईने सणाच्या उरलेल्या, पोळीत भाज्या भरलेल्या गुंडाळ्या मला सकाळ-संध्याकाळ खायला घातल्या. शेंगदाण्याचा कूट तू फार घातलास असं तिचं मत आहे, पण ते तिने तुझ्या तोंडावर सांगितलं नाही. राग अजून माझ्याच खात्यात जमा होतो आहे.

काल तू दिवसभरात माझ्याशी जेमतेम चार-सहा वाक्यं बोललीस. त्यांतलं एक 'पाणी दे' होतं. मी तक्रार करत नाही. मला त्यापेक्षा कमीची अपेक्षा होती, आणि स्टेशनवर उतरून तू सरळ टॅक्सीत न बसता माझ्या गाडीचं दार उघडलंस तेव्हा मला क्षणभर किल्ली सापडेना.

कबरीपुढे उदबत्त्या जळायची वाट पाहत आपण बसलो होतो, तेव्हा आईने जे सांगितलं ते मी रात्रभर आठवतो आहे. तू तिला विचारलंस, "तू खरंच रोज बघायचीस का गं?"

मला वाटलं, आता ती तुझं मन राखायला हो म्हणेल.

"छे," ती म्हणाली. "ती धरणं आणि कालवे आणि ते टाय घातलेले लोक! बटणं दाबायची आणि कोबी चिरायला जायची. तुझे बाबा बघत बसायचे."

तू हसलीस. तीन वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं ते.

"एकदा मात्र बघितलं," आई म्हणाली. "ती म्हातारी नव्हती का, वृद्धाश्रमातली, जी नर्सबाईला रोज स्वतःचं नाव सांगायची आणि नर्सबाई रोज म्हणायची, अय्या, किती छान नाव? ते बघताना उभीच राहिले मी. सूप करपलं. पातेलं टाकून द्यावं लागलं."

"कधीचं हे? गेल्या वर्षी, मे महिन्यात?"

"आंबे आले होते बाजारात."

तू म्हणालीस, "दुसऱ्या दिवशी कागदावर काहीच वेगळं नव्हतं, आई. नेहमीचाच आकडा. मला वाटलं, ती बातमी वाया गेली."

यावर आई उठून उदबत्त्या सारख्या करायला लागली. मला बोलण्यासारखं एक वाक्य सुचलं होतं, चांगलं बेतलेलं. ते मी गिळलं. या वयात एवढी प्रगती पुष्कळ झाली.

खरेदीच्या वाहिनीचा करार तीन वर्षांचा आहे, मोडता येत नाही, हे तू गाडीत सांगितलंस. दहा तारखेपासून तवे. माझ्या दोन पानांनी तुझी बातम्यांतली एकवीस वर्षं तिथे नेऊन ठेवली, आणि 'क्षमस्व' हा शब्द मला तीन भाषांत नीट चालवता येतो, पण एकाही भाषेत तो त्या कराराच्या तारखा बदलत नाही. म्हणून मागत नाही.

हे पत्र मात्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितो आहे. कबरीच्या मागच्या बाजूला गवत राहिलं होतं. आई खाली छत्री उघडून बसली होती, आणि तू नि मी दोन टोकांकडून कापत आलो. तू मान वर न करता विचारलंस,

"कंपनीला ते पत्र टाकण्याआधी पुन्हा वाचलं होतंस?"

"हो. तीनदा."

"कशासाठी?"

"काही चुका राहिल्यात का बघायला."

"सापडल्या?"

मी नाही म्हणालो. दुसऱ्या पानावर तुझं नाव होतं, ते तीनही वेळा वाचलं, आणि बरोबर लिहिलंय ना एवढंच पाहिलं.

मग तू माझ्याकडचा भाग अजून बराच उरलाय हे पाहून तुझा विळा पुढे केलास, मूठ माझ्या बाजूला करून.

"हा घे," म्हणालीस. "तुझ्याला धार नाहीये."

— दादा